सार्वजनिक आरोग्य आणि खाद्यसंस्कृती : मुंबईच्या विद्यार्थ्यांनी जपानमध्ये नेमके काय पाहावे?

शिवडीकर (धागाकर्ता)

मी मुंबईतील एका महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्य आणि पोषण हा विषय शिकवतो. पदव्युत्तर वर्गाचा पुढच्या वर्षीचा अभ्यासदौरा जपानला न्यायचे ठरले आहे. टोकियो आणि नागानो ही दोन ठिकाणे नक्की झाली आहेत, बाकीचा आराखडा अजून कच्चा आहे. विद्यार्थ्यांकडून प्रस्ताव मागवले, तेव्हा बहुतेकांनी एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत लिहून दिली: जपानी माणूस एवढे का जगतो, याचे उत्तर त्याच्या ताटात शोधायचे. ग्रीन टी, समुद्री शेवाळ, मिसो (सोयाबीन आंबवून केलेले खारट वाटण), मासे, पोट ऐंशी टक्के भरले की हात आखडता घेण्याची ओकिनावाची रीत, हे सगळे त्या यादीत आहे.

या प्रश्नाची मांडणीच मला मान्य नाही, आणि तिथूनच हा धागा सुरू करतो. १९५१ ते १९८० या काळात जपानमध्ये मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात, म्हणजे मेंदूतील रक्तस्राव किंवा रक्तवाहिनीतील अडथळा, हे होते. भात, मिसोचे सूप, लोणची, खारवलेले मासे असे जे ताट आज आपण आरोग्याचा नमुना म्हणून पाहतो, साधारण तेच ताट त्या काळी लोक जेवत होते. ईशान्येकडच्या आकितासारख्या थंड प्रांतांत हिवाळाभर भाज्या मिठात मुरवून ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हते, आणि तिथल्या खेड्यांत माणशी रोजचे मीठ २० ग्रॅमच्या वर जात असे. जागतिक आरोग्य संघटनेची आजची शिफारस ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या ताटाचे दुसरे रूप दिसते.

पुढे जे घडले ते ताटाने आपोआप घडवले नाही. १९६१ मध्ये सर्वांसाठी आरोग्यविमा लागू झाला, रक्तदाब तपासणे गावपातळीवर रुळले, घरोघरी फ्रीज आल्यामुळे खारवण्याची गरज घटली, आणि काही प्रांतांनी मिठाविरुद्ध वर्षानुवर्षे चिकाटीने मोहिमा चालवल्या. नागानो त्यांतला एक. समुद्र नसलेला, डोंगराळ, लोणच्यांवर जीव असलेला हा प्रांत पक्षाघाताने ग्रासलेला होता. २०१० च्या आकडेवारीत मात्र पुरुष आणि स्त्रिया या दोघांच्याही आयुर्मानात तो देशात पहिला आला. उलट ओकिनावा, ज्याचे गोडवे आपले विद्यार्थी गातात, १९८५ मध्ये पहिला होता आणि २००० मध्ये तिथले पुरुष ४७ प्रांतांत २६व्या क्रमांकावर घसरले. १९७२ पर्यंत ते बेट अमेरिकेच्या ताब्यात होते, डबाबंद मांस आणि बर्गर तिथे बाकीच्या जपानच्या आधी पोहोचले. म्हणजे एका प्रांताने वाईट वारसा सुधारला आणि दुसऱ्याने चांगला वारसा गमावला. अशा परिस्थितीत ताट पाहून यायचे, की ते ताट कोणी, कोणाच्या श्रमांवर आणि कोणाच्या पैशांत बदलले हे पाहून यायचे, असा माझा प्रश्न आहे.

शाळेतील जेवण हा दुसरा विषय ठरवला आहे. जपानचा शालेय भोजन कायदा १९५४ चा आहे आणि आहारशिक्षणाचा मूलभूत कायदा २००५ चा. त्याच वर्षी पोषणशिक्षक हे पद शाळांत निर्माण झाले. मुले वर्गातच जेवतात, पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून पाळीपाळीने एकमेकांना वाढतात, शिक्षक त्यांच्यासोबत तेच अन्न खातात. हे दृश्य आपण सर्वांनी चित्रफितींत पाहिले आहे आणि विद्यार्थी पुन्हा तेच दृश्य पाहून भारावून परततील अशी मला भीती आहे.

येथे नागानो परिसरात राहणारे, आहारतज्ज्ञ, आणि शालेय पोषण आहाराशी जवळून संबंध आलेले सदस्य आहेत, म्हणून विचारतो: दौऱ्यात काय असावे, काय नसावे, आणि निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी मुंबईत काय पाहून ठेवावे?

शिनशू_निवासी

नमस्कार सर. मी गेली अनेक वर्षे नागानो प्रांतात राहते. आपली मांडणी पटली, फक्त थोडी भर घालते.

येथे कोणाच्याही घरी गेले की चहाबरोबर नोझावाना नावाच्या पालेभाजीचे लोणचे समोर येते. आग्रह इतका की बशी रिकामी दिसली की पुन्हा भरतात. मीठ कमी करा असे सांगणे म्हणजे पाहुणचार कमी करा असे सांगण्यासारखे होते, आणि म्हणून हे काम डॉक्टरांनी भाषणे देऊन होण्यासारखे नव्हते. ते केले शेजारणींनी. होकेन-होदोइन नावाच्या आरोग्य स्वयंसेविकांची पद्धत १९४५ मध्ये ताकाहो या गावी सुरू झाली. ते गाव आता सुझाका शहरात आहे. तेथील सार्वजनिक आरोग्य परिचारिकेची धावपळ पाहून गावातल्या बायकांनी हातभार लावायला सुरुवात केली आणि पुढे ती रीत प्रांतभर पसरली. वस्तीतील घरांनी पाळीने ही जबाबदारी घ्यायची, साधारण दोन वर्षे काम करायचे आणि पुढच्या घराकडे सोपवायची. पाळी असल्यामुळे विषयाची आवड असलेल्या चार बायकाच पुन्हा पुन्हा पुढे येत नाहीत, कधी ना कधी प्रत्येक घरातली कोणीतरी शिकून जाते. यांच्या जोडीला आहारसुधारणेचे काम करणाऱ्या स्वयंसेविका वेगळ्या आहेत. त्या घरोघरी जाऊन मिसो सुपातील क्षारमापन करीत, भाज्या जास्त आणि पाणी कमी घालून तेच सूप कमी मिठात कसे चविष्ट होते ते करून दाखवीत.

सर, या बायकांशी बोलण्याचा कार्यक्रम अवश्य ठेवा, आणि दुभाषी चांगला घ्या. वृद्ध स्त्रिया स्थानिक बोली बोलतात, टोकियोहून आणलेल्या तरुण दुभाष्याची तारांबळ उडते.

साकू येथील रुग्णालयही पाहा. डॉ. तोशिकाझु वाकात्सुकी १९४५ मध्ये तेथे आले. खेड्यांत जाऊन रुग्ण तपासायचे आणि संध्याकाळी रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनीच नाटक करून आरोग्याचे विषय मांडायचे, अशी त्यांची पद्धत होती. १९५९ पासून याचिहो या खेड्यात संपूर्ण गावाची वार्षिक तपासणी सुरू झाली.

चाळकरी

शिवडीकर सर, राग मानू नये, परंतु वरचा प्रतिसाद वाचून मला पडलेला प्रश्न असा की हे सर्व पाहण्यासाठी जपानला जाण्याची गरज काय? शेजारच्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन गाव बदलण्याचा प्रयोग अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० पासून झाला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर, अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना गावच्या आरोग्यसेविका म्हणून उभे केले. १९७९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि योगायोग पाहा, वाकात्सुकींना तोच पुरस्कार तीनच वर्षे आधी, १९७६ मध्ये मिळाला होता. मुंबईहून जामखेडला एसटीने एका रात्रीत पोहोचता येते.

जपानचा खर्च माणशी काही लाखांच्या घरात जाईल. ज्याच्या घरी एवढा पैसा नाही त्या विद्यार्थ्याने काय करायचे? परदेश दौऱ्यांत वर्गाचे दोन भाग पडतात, छायाचित्रांत असणारे आणि छायाचित्रे पाहणारे, आणि सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमाने तरी हे करू नये असे माझे मत आहे.

शिवडीकर (धागाकर्ता)

चाळकरी, राग कसला. हा आक्षेप विभागाच्या बैठकीतही आला होता आणि त्याचे पूर्ण समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. दौरा ऐच्छिक आहे, त्याला गुण नाहीत, आणि न येणाऱ्यांसाठी समांतर क्षेत्रकार्य आहे, एवढे सांगू शकतो. पण ऐच्छिक या शब्दाआड पैशाचा प्रश्न लपतो हे आपले म्हणणे खरेच आहे.

जामखेडचा मुद्दा मात्र मी उचलणार आहे. जामखेड आधी, सर्वांसाठी आणि सक्तीचे. त्यानंतर जे नागानोला जातील त्यांना दोन्हींची तुलना लिहावी लागेल. साम्य सहज दिसेल, फरक शोधायला कष्ट पडतील. जामखेडमध्ये जातीची उतरंड हा आरोग्याच्या कामातील पहिला अडथळा होता. नागानोमध्ये घरागणिक पाळी लावणे शक्य झाले, कारण वस्तीतील प्रत्येक घराला दुसऱ्या घरात चहाला बसता येत होते. आपल्याकडे पाण्याच्या मडक्याला हात लावण्यापासून सुरुवात करावी लागली.

शिनशू_निवासी, आपण लिहिलेल्या पाळीच्या पद्धतीविषयी एक शंका. हे सारे काम बिनपगारी, आणि सारे काम बायकांचे. आज तेथील स्त्रिया नोकरी करतात, मग पाळी कोण घेते?

शिनशू_निवासी

नेमक्या जागी बोट ठेवलेत. पाळी आली की कुरकुर होते, हे स्पष्ट सांगायला हवे. नोकरी करणाऱ्यांना सभांच्या वेळा जमत नाहीत, वस्त्यांत म्हातारी माणसेच उरली आहेत, आणि काही ठिकाणी पुरुषांनाही यात घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. जी पद्धत गृहिणींच्या मोकळ्या दुपारींवर उभी होती, ती त्या दुपारी उरल्या नाहीत म्हणून डळमळते आहे. विद्यार्थ्यांनी स्वयंसेविकांना विचारावे की तुमच्या सुनेने ही पाळी घेतली का. उत्तर मिळण्याआधी बहुधा मोठा हशा पिकेल.

आहारतज्ज्ञ_परळ

मी महापालिकेच्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. जपानचे कौतुक असले तरी मुंबईचे ताट आधी मोजल्याशिवाय तिकडे जाण्यात अर्थ नाही, असे माझे ठाम मत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

पहिला मुद्दा मिठाचा. जपानमध्ये मीठ येते ते सोया सॉस, मिसो, लोणची आणि नूडल्सच्या रश्श्यातून. यांतील बरेचसे बाटलीतून किंवा पाकिटातून येते, त्यामुळे कारखानदाराला गाठून सोया सॉसमधील मीठ कमी करता येते. आपल्याकडे मिठाचा मोठा वाटा घरच्या स्वयंपाकात हाताने घातलेल्या मिठाचा आहे. आमटी, भाजी, कोशिंबीर, पोळीची कणीक, भातातसुद्धा चिमूटभर, आणि त्यावर पापड, लोणचे, सांडगी मिरची, सुका जवळा. त्यामुळे नागानोची मोहीम उचलून गोवंडीत लावता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जानेवारीत घरगुती वापरासाठी कमी सोडियमचे, पोटॅशियमयुक्त मीठ सुचवले आहे. आपल्याकडे ते कदाचित अधिक उपयोगी पडेल, पण मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना पोटॅशियम धोक्याचे ठरते आणि आमच्या बाह्यरुग्ण विभागात मधुमेहातून मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण रोज येतात. पाकिटावरची जाहिरात वाचून परस्पर मीठ बदलणाऱ्या रुग्णांना समजावण्यात माझा बराच वेळ जातो.

दुसरा मुद्दा शाळेचा. प्रधानमंत्री पोषण योजनेत, म्हणजे आपल्या जुन्या माध्यान्ह भोजनात, प्राथमिकच्या मुलाला ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकच्या मुलाला ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असा निकष आहे. त्याच तक्त्यात मीठमसाल्याच्या रकान्यात गरजेनुसार असे लिहिलेले आहे. जपानच्या शालेय भोजनाच्या २०२१ च्या निकषांत आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी ६५० किलोकॅलरी आणि एका जेवणात २ ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी मर्यादा दिलेली आहे. विद्यार्थ्यांनी हे दोन तक्ते शेजारी ठेवून बसावे. आपला तक्ता उपासमारीशी लढण्यासाठी बनवलेला आहे, त्यांचा पुढच्या चाळीस वर्षांतील आजारांशी लढण्यासाठी. मुंबईच्या मुलाला दोन्ही लढाया एकाच वेळी लढायच्या आहेत: एकाच खोलीत धाकटे मूल कुपोषित आणि आजीला रक्तदाब, हे आम्ही रोज पाहतो.

आता पैशाविषयी. जपानच्या कायद्यात भटारखान्याचा आणि माणसांचा खर्च नगरपालिकेचा, सामग्रीचा खर्च पालकांचा अशी विभागणी आहे. अलीकडे अनेक नगरपालिकांनी पालकांचा वाटा माफ केला आहे. आपल्याकडे मुलाला जेवण संपूर्ण मोफत आहे, आणि ते सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशामुळे शिजवलेले, गरम जेवण आहे. हे आपले फार मोठे काम आहे आणि विद्यार्थ्यांनी तेथे जाऊन उगीच न्यूनगंडाने मान खाली घालू नये. पण शिजवणाऱ्या बचत गटातील बाईला मिळणारे मानधन आणि त्यांच्या भटारखान्यातील कर्मचाऱ्याचा पगार यांची तुलना केली की मान थोडी खाली जाईल. महाराष्ट्राने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आठवड्याला एक अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, असा निर्णय घेतला. २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवण्यात आला. पोषणशिक्षक हे पद आपल्याकडे नाही. असते, तर त्या अंड्याच्या बाजूने फाईलवर कोणीतरी लिहिले असते.

सर, दौऱ्याआधी एक दिवस खिचडी शिजते तेथे विद्यार्थ्यांना आणा, पहाटे. अकरा वाजता आलात तर फक्त वाटप दिसेल.

गुरुजी_कुर्ला

निवृत्त शिक्षक. एक जुनी गोष्ट नोंदवतो, कारण ती दोन्ही देशांना जोडते.

आमच्या पिढीने शाळेत सुकडी खाल्ली आहे आणि १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारीही खाल्ली आहे. ती लाल ज्वारी अमेरिकेतून आलेली होती आणि तिची भाकरी ज्याने खाल्ली तो ती चव विसरला नाही, तेही चांगल्या अर्थाने नव्हे. जपानच्या शालेय भोजनाचा युद्धोत्तर इतिहास वाचला तेव्हा कळले की तेथेही हेच झाले. डिसेंबर १९४६ मध्ये टोकियो, कानागावा आणि चिबा येथे शालेय भोजन पुन्हा सुरू झाले ते परदेशी मदतीवर, पुढे युनिसेफची दूध पावडर आली, आणि नंतर अमेरिकी गव्हाचा पाव. पन्नाशीच्या दशकात स्वयंपाकघरे बसवलेल्या गाड्या गावोगाव फिरून गव्हाचे पदार्थ शिकवीत आणि त्यामागे अमेरिकेतील गहू उत्पादकांचा पैसा होता. भाताच्या देशात शाळेच्या जेवणात भात अधिकृतपणे परतला तो १९७६ मध्ये.

आज तेच शालेय भोजन पारंपरिक जपानी आहाराचे माहेरघर म्हणून दाखवले जाते. त्यामुळे खाद्यसंस्कृती शिकायला जाणाऱ्या मुलांनी तिकडे पाव आणि दूध दिसले की ते कोठून आले हे अवश्य विचारावे. मुंबईच्या मुलांना हा प्रश्न सुचायला हरकत नाही, कारण आपला पाव पोर्तुगीजांकडून आला आणि वडापाव मराठी माणसाची अस्मिता होऊन बसला.

पेजपाणी

उत्तम चर्चा. टोकियोत वेळ असेल तर बेरीबेरीचा विषय जरूर घ्यावा. खाद्यसंस्कृती आणि सार्वजनिक आरोग्य यांची इतकी स्वच्छ गाठ दुसरीकडे क्वचित पाहायला मिळते.

एकोणिसाव्या शतकात जपानी नौदलात पायांतले बळ जाऊन, हृदय थकून खलाशी मरत. १८८२-८३ मध्ये ऱ्युजो या जहाजाच्या दीर्घ सफरीत ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ दगावले. नौदलाचे डॉक्टर कानेहिरो ताकाकी यांनी १८८४ मध्ये त्सुकुबा हे जहाज जवळपास त्याच मार्गाने पाठवले, फक्त आहार बदलून. त्या वेळी बेरीबेरीने एकही मृत्यू झाला नाही. प्रथिनांची कमतरता हे त्यांनी दिलेले कारण चुकीचे होते, खरे कारण थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचा अभाव हे होते. पण उपाय बरोबर होता. लष्कराने मात्र जंतूचा सिद्धान्त धरून ठेवला आणि पांढरा भात चालू ठेवला. रशियाशी झालेल्या १९०४-०५ च्या युद्धात सुमारे २७ हजार सैनिक बेरीबेरीने मेले. सैनिकाला पांढरा भात देणे हा मानाचा प्रश्न होता. गावी जव आणि कदान्न खाणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला सैन्यात रोज पांढरा भात मिळतो, हे भरतीचे आकर्षण होते. म्हणजे प्रतिष्ठेने माणसे मेली.

आता कोकणाकडे या. आमच्याकडे उकडा तांदूळ. भात साळीसकट उकडून मग वाळवून कांडतात, तेव्हा कोंड्याजवळचे थायमिन दाण्याच्या आत शिरते आणि कांडल्यावरही बरेचसे टिकते. म्हणून भारतात बेरीबेरी आढळला तो मुख्यतः आंध्रच्या किनारी भागात, जिथे न उकडता कांडून पांढरा केलेला तांदूळ खात. उकडा खाणाऱ्या प्रदेशांत तो फारसा झाला नाही. गिरणगावातल्या चाकरमान्यांची सकाळ याच तांदळाच्या पेजेने होत असे, आणि पैसा आला तशी पुढची पिढी पांढऱ्याशुभ्र कोलमवर गेली. लग्नाच्या पंगतीत उकडा वाढला तर आजही पाहुणे नाक मुरडतील.

विद्यार्थिनी_दादर

सर, मी याच वर्गातली आहे, आपण नाव ओळखालच. वरचे सर्व वाचले आणि प्रस्तावातला ग्रीन टीचा मुद्दा मी स्वतःहून मागे घेते.

माझे दोन प्रश्न आहेत. आमच्यापैकी बरेच जण शाकाहारी आहेत आणि एक मैत्रीण जैन आहे. जपानी रश्श्यात माशाचा अर्क असतोच असे ऐकते. मग खाद्यसंस्कृती अभ्यासायला जायचे आणि मुंबईहून नेलेले ठेपले खोलीत बसून खायचे, याला काय अर्थ? दुसरे असे की शाळेच्या भटारखान्यात आम्हांला आत जाऊ देतील का? तेथील स्वच्छतेचे नियम कसे पाळतात हे मला प्रबंधासाठी पाहायचे आहे.

शिनशू_निवासी

बाळ, आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. आत जाता येणार नाही असे धरूनच या. भटारखान्यात काम करणाऱ्यांची महिन्यातून किमान दोनदा शौचतपासणी होते. पाहुण्यांना बहुधा काचेबाहेरून पाहावे लागते. या कडकपणामागे इतिहास आहे. जुलै १९९६ मध्ये ओसाकाजवळच्या साकाई शहरात शालेय भोजनातून ओ१५७ हा जंतू पसरला, साडेनऊ हजारांच्या आसपास लोक आजारी पडले आणि त्या वर्षी तीन मुले दगावली. त्यानंतर नियम घट्ट झाले: पदार्थाचा गाभा ७५ अंशांवर किमान एक मिनिट तापला पाहिजे, आणि प्रत्येक कच्ची सामग्री व शिजलेला पदार्थ यांचा सुमारे ५० ग्रॅमचा नमुना उणे २० अंशांवर किमान दोन आठवडे जपून ठेवायचा. मुलांच्या आधी मुख्याध्यापक जेवतात, तेही अर्धा तास आधी. माझ्या मुलीच्या शाळेत मुख्याध्यापकांना हे काम फार आवडते असे दिसते.

जेवणाविषयी: नुसते शाकाहारी म्हटले तर माशाचा अर्क घातलेला रस्सा निःशंकपणे समोर येईल, कारण तुकडा दिसत नाही म्हणजे मासा नाही अशी समजूत असते. कोंबू हे शेवाळ आणि शिताके अळंबी यांचा अर्क काढूनही रस्सा करतात, तो मागावा लागतो. नागानो शहरातील झेंकोजी मंदिराच्या परिसरातील धर्मशाळांत बौद्ध भिक्षूंच्या परंपरेचे मांसमासेविरहित जेवण मिळते. त्यात कांदा-लसूणही परंपरेने वर्ज्य असतात. मुळा आणि इतर कंद मात्र असतात, त्यामुळे जैन मैत्रिणीने आधी लेखी कळवावे. ओयाकी नावाचे, आत वांगे किंवा नोझावानाचे सारण भरलेले पिठाचे गोळे येथे सर्वत्र मिळतात. सारणात मिसो असतो, विचारून घ्यावे. आणि ठेपले आणाच. त्यात कमीपणा नाही, मीही भारतातून आणते.

आहारतज्ज्ञ_परळ

नमुने जपण्याचा मुद्दा प्रबंधासाठी उत्तम आहे. बिहारमधील सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी माध्यान्ह भोजनात कीटकनाशक मिसळले जाऊन २३ मुले गेली. २०१५ च्या आपल्या नियमांतही शिक्षकांसह मोठ्या माणसांनी आधी चव घेण्याची आणि प्रयोगशाळेत नमुने तपासण्याची तरतूद आहे. म्हणजे कागदावर दोन्ही देश फार लांब नाहीत. उणे २० अंशांचा फ्रीझर, त्याची वीज आणि त्याची नोंदवही सांभाळणारा माणूस हे तीन खर्च कोण देतो, तेवढे शोधून काढ. प्रबंध तिथेच आहे.

चाळकरी

माझा पैशाचा आक्षेप कायम आहे, पण चर्चा वाचून एक सुचवतो. जपानचीही दुसरी बाजू दाखवा. कानागावा प्रांतातील योकोहामासारख्या प्रचंड शहरात सरकारी माध्यमिक शाळांत शालेय भोजन २०२१ पर्यंत नव्हते, मुले घरचा डबा आणीत. श्रीमंत देशातही गरीब घरातील मुले आहेत, आणि त्यांच्यासाठी २०१२ मध्ये टोकियोच्या ओता भागात एका भाजीवालीने मुलांचे भोजनालय सुरू केले. अशी स्वयंसेवी भोजनालये २०२४ पर्यंत देशभरात दहा हजारांवर गेली. आकडा अभिमानाचा की लाजेचा, हे विद्यार्थ्यांनी तेथील लोकांनाच विचारावे. शाळेला सुट्टी लागली की जेवण बंद होते आणि काही मुलांचे वजन उतरते, ही तक्रार मुंबईतही आहे आणि तेथेही.

शिवडीकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. या चर्चेवरून आराखडा असा बदलतो. ओकिनावाची मागणी रद्द, कारण खर्च वाढतो आणि तिचे उत्तर पुस्तकात आहे. टोकियोत ओता भागातील मुलांचे भोजनालय आणि एक शाळा. बेरीबेरीवर निघण्यापूर्वी वर्गात एक तास, पेजपाणी यांनी मान्य केल्यास त्यांच्याकडूनच. बाकीचा सर्व काळ नागानोमध्ये: साकू, सुझाकातील स्वयंसेविका, आणि शक्य झाल्यास एका घरातील चहा-लोणचे. जामखेड आणि परळची पहाट सर्वांसाठी सक्तीची. प्रत्येकाने निघण्यापूर्वी स्वतःच्या घरात आठवडाभरात किती मीठ संपते ते वजन करून, माणशी भागाकार करून आणायचे. सुझाकात पाहुण्यांनी प्रश्न विचारण्याआधी स्वतःचा आकडा सांगायचा. आपल्या घरचे न सांगता दुसऱ्याच्या सुपात क्षारमापक बुडवणे मला बरे वाटत नाही.

एकच अडचण उरते. आमची सुट्टी मे महिन्यात, आणि विभागप्रमुखांना दौरा तेव्हाच हवा आहे. शिनशू_निवासी, मे योग्य आहे का?

शिनशू_निवासी

मेच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय सुट्ट्या लागून येतात, शाळा बंद आणि गाड्या तुडुंब. त्यानंतरचे दिवस चालतील, शालेय भोजन चालू असते. मात्र नोझावाना खारवण्याचे काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होते, ते मेमध्ये दिसणार नाही, आणि शेतकरी घरांत तेव्हा भातलावणीची घाई असते. स्वयंसेविकांना भेटायचे तर पावसाळी दिवस किंवा संध्याकाळ मागा. नगरपालिकेच्या शिक्षण मंडळाला पत्र जपानी भाषेत आणि किमान सहा महिने आधी गेले पाहिजे. त्यात विद्यार्थ्यांची संख्या, नावे आणि आपल्याला काय पाहायचे आहे हे नेमके लिहा. मसुदा पाठवलात तर मी भाषांतर करून देईन.